काट्यावर न चढलेलं गाणं

जालना जिल्ह्यात एका काळात ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या बहुतेकांच्या हळदीत माझं गाणं वाजलेलं आहे. हे मी फुशारकीने सांगत नाही. मला आयुष्यात ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो, ती हीच आहे.

स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं, कंपनीने काढलेलं, वर माझा फोटो असलेलं असं माझं एकच गाणं. व्हायची होती तीन. दुसरं का झालं नाही, असं विचारणारे आजही भेटतात. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुणाच्या बारशाला. ‘एखादं नवीन गाणं काढा की ताई,’ असं सहज म्हणतात, मी मनावर घेत नाही म्हणूनच जणू अडलंय. मी हसते. टीव्हीवर गाण्याच्या आधी हसायला शिकवतात आणि ते शिक्षण मात्र वाया गेलेलं नाही.

मी मूळची अंकुशनगरची. तिथे साखर कारखाना, कारखान्याची वसाहत आणि वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. एकेक गाडी काट्यावर चढायची, अण्णा खिडकीशी बसून आकडा स्थिर व्हायची वाट बघायचे, मग पावती फाडायचे. शेतकरी हुज्जत घालायचे. फडातून निघताना ऊस जास्त होता, दोन दिवस रांगेत उभं राहून वाळला, वाटेत पोरांनी ओढून नेला. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत आणि शेवटी एकच म्हणायचे, “काट्यावर चढलं तेवढंच खरं. वाटंत काय झालं, ते मला माहीत न्हाई.” डबा द्यायला गेले की मी हे ऐकायची. घरी खेळताना बाहुल्यांनाही मी हेच सुनवायची.

गाणं मला आईकडून आलं. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते. वसाहतीच्या गणपतीत गायचे, अंबडला एका सरांकडे शिकायला जायचे, आणि पुढे औरंगाबादला टीव्हीच्या स्पर्धेची निवड चाचणी झाली, तिथे निवडली गेले. हे एका वाक्यात सांगितलं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. चांगलं गात होते, निवडली गेले. तिथपर्यंत सगळं सरळ होतं.

मग टीव्हीची माणसं स्पर्धकाचं घर दाखवायला अंकुशनगरला आली. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन. शूटिंग करणारी बाई माझ्याच वयाची असेल. तिने आमचं क्वार्टर बघितलं, अण्णांना बघितलं आणि विचारलं, “काका, शेत कुठंय तुमचं?”

“शेत न्हाई आपल्याला. मी काट्यावर असतो.”

तिने काटाही बघितला. म्हणाली, “कॅमेऱ्यात यातून काही दिसत नाही हो.” म्हणजे माझ्या बापाची सगळी नोकरी कॅमेऱ्यात दिसण्याच्या लायकीची नव्हती. मग शेजारच्या फडात जाऊन तिने एका तोडणीवाल्याचा कोयता मागून आणला. अण्णांना शर्ट काढायला लावला, कुणाची तरी बंडी घालायला दिली, डोक्याला टॉवेल बांधला आणि उसात उभं केलं. जन्मात त्यांनी कोयता धरलेला नव्हता. ते तो पेनासारखा धरत होते. खरी तोडणी करणारी एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी चिडून म्हटलं, अण्णा, सांगा की त्यांना. तर अण्णा म्हणाले, “असू दे, बाई. कोयता धरल्यानं तुझं गाणं पुढं जात असंल, तर धरतो की. काय खर्चा हाय त्याला?”

टीव्हीवर मी ऊसतोड मजुराची लेक झाले. एका परीक्षकाने डोळे पुसले. मी मंचावर उभी होते, हातात माइक होता आणि तो बंद होता. तो त्यांना पाहिजे तेव्हाच चालू व्हायचा. वसाहतीतल्या लोकांनी तो भाग बघितला, अण्णांना कोयतेवाले अण्णा म्हणून चिडवलं आणि तरीही घरटी मेसेज पाठवून मला मतं दिली. तीर्थपुरीपासून अंबडपर्यंत फलक लागले. त्यांवर माझ्या फोटोपेक्षा शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो मोठे होते. शेवटच्या फेरीच्या अलीकडे मी बाहेर पडले. रडले, पण फार नाही, कारण मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीने मला करारासाठी बोलावलं होतं.

करार तीन गाण्यांचा. पहिलं गाणं काढायचं, त्यावर मला नाचवून व्हिडिओ करायचा, तो कंपनीच्या चॅनलवर इंटरनेटवर टाकायचं आणि पहिल्या काही महिन्यांत किती लोक बघतात ते मोजायचं. आकडा बरा आला तर दुसरं गाणं. नाही आला तर नाही. आणि आला किंवा न आला, पुढची काही वर्षं मी दुसऱ्या कुणासाठी गायचं नाही. अण्णांनी कराराचा कागद चष्मा लावून वाचला. आकड्यावर सगळं ठरणार हे त्यांना पसंत पडलं. म्हणाले, “बराबर हाय. मोजून घेतेत म्हंजे वशिला चालत न्हाई.”

रेकॉर्डिंग अंधेरीच्या एका तळघरात झालं. मला वाटलं होतं, वादक बसलेले असतील, मी गाईन. वादक कुणीच नव्हते. सगळा ठेका आधीच यंत्रात तयार होता. कानाला हेडफोन लावून मला काचेच्या खोलीत उभं केलं आणि एक ओळ गायला लावली. मग तीच ओळ पुन्हा. मग अर्धी ओळ. रेकॉर्डिंग करणारा पलीकडून म्हणायचा, “छान, आता फक्त शेवटचा शब्द पंच करूया.” म्हणजे चुकलेला तुकडा तेवढाच नव्याने गाऊन मधे बसवायचा. दुपारपर्यंत गाणं झालं आणि मी ते एकदाही पहिल्यापासून शेवटपर्यंत गायले नव्हते. पण झालेलं गाणं चांगलं होतं. नाचायला लावणारं, जरा फाजील, हळदीला शोभेल असं. आवाज माझाच होता आणि खणखणीत होता. हे मी माझ्याच तोंडाने सांगते, कारण दुसरं कोण सांगणार.

काम संपल्यावर संगीतकाराने कोपऱ्यातली पेटी ओढली आणि मला दुसऱ्या गाण्याची चाल ऐकवली. संथ चाल. सासरी निघालेली नव्हे, तर माहेरी परत आलेली मुलगी दाराशी उभी आहे आणि आत कसं जावं तिला कळत नाही, असं काहीसं ते गाणं होतं. कागद हातात घेऊन मी ते तिथल्या तिथे गायले, सबंध, न थांबता. पलीकडचा रेकॉर्डिंगवाला तेवढ्या वेळात चहा पिऊन आला. संगीतकार म्हणाला, “हे तुझंच आहे. पहिलं चाललं की लगेच करू.” मी आयुष्यात जेवढं गायले, त्यात सगळ्यात चांगलं मी त्या खोलीत गायले. तिथे माइक होता आणि तोही बंद होता.

मला ते दुसरं गाणं पाहिजे होतं. बाकी काही नको होतं. नाव नको, टीव्ही नको, मुंबईत घर नको. ते एक गाणं माझ्या आवाजात राहायला पाहिजे होतं.

पहिलं गाणं निघालं तेव्हा हंगाम चालू होता. तेव्हा आमच्याकडे इंटरनेटवर गाणं बघत बसणारं कुणी नव्हतं. रेंज नव्हती आणि नेटचा रिचार्ज परवडायचा नाही. गाणी मिळायची मोबाइलच्या दुकानात. तुम्ही तुमचं मेमरी कार्ड द्यायचं, दुकानदार कॉम्प्युटरला लावून त्यात पाहिजे ती गाणी भरून द्यायचा. भक्तिगीतं, हिंदी, लग्नाची, सगळं. आमच्या भागात गाणं असंच घरात यायचं. गाणं दुसऱ्या कुठल्या मार्गाने येतं हे कुणाला सुचतही नव्हतं.

तीर्थपुरीच्या बाजारात असं एक दुकान होतं. राजस्थानातून कधीकाळी आलेलं घराणं, आजोबांचं किराणा, वडिलांचं कापड आणि मुलाने मोबाइल टाकलेले. सगळे त्याला शेठ म्हणायचे, मीसुद्धा. शेठ आमच्या घरच्यासारखा. टीव्हीवर मला मत द्यायला त्याने दुकानातले सगळे फोन वापरले होते. गाणं निघालं त्याच सकाळी त्याने ते नेटवरून एकदा उतरवून घेतलं आणि दुकानाबाहेर पुठ्ठ्याची पाटी लावली. आपल्या लेकीचं गाणं फुकट भरून मिळेल. बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानापुढे रांग लागायची. लोक एक गाणं भरायला यायचे आणि तो सगळ्यांना माझं भरून द्यायचा, मागितलं नसलं तरी.

आणि अण्णा काट्यावर. अण्णांनी शेठकडून कार्ड भरून घेतलं आणि ब्लूटूथ शिकून घेतलं. ज्या माणसाला फोनवर घड्याळ लावता येत नव्हतं, त्याने माझ्यासाठी ब्लूटूथ शिकून घेतलं. ट्रॅक्टर काट्यावर चढला की ते ड्रायव्हरला म्हणायचे, “फोन दे जरा इकडं. पोरीचं गाणं घालतो.” आकडा स्थिर होऊन पावती निघेपर्यंत गाणं त्या फोनमध्ये पोचलेलं असायचं. उसाच्या ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर असतात. ते ड्रायव्हर तालुक्या-तालुक्यातून, गावागावातून यायचे आणि परत जायचे. अण्णांच्या खिडकीतून माझं गाणं सगळ्या जिल्ह्यात गेलं.

मी त्या दिवसांत घरी आले तेव्हा फाट्यावर एसटीतून उतरले आणि पहिल्याच ट्रॅक्टरवर माझा आवाज. मग दुसऱ्यावर. मी बॅग खाली ठेवून रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि आनंदाने रडले. पुढे मंठ्याला एका नातलगाच्या लग्नाला गेले तर हळदीत तेच. नवरदेवाच्या मावश्या, आत्या, सगळ्या बाया अंगभर हळद फासून त्यावर नाचत होत्या. दोघीतिघींनी मला ओढून मधे घेतलं. त्या दिवशी मी ते गाणं पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं, आवाज बसेपर्यंत. मला वाटलं, झालं. दुसरं गाणं आपलंच.

कंपनीने मला मुंबईला बोलावलं. मी नवी साडी नेसून गेले. आकड्यांचं काम बघणारा एक तरुण माणूस होता. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. गाणं कुठे कुठे बघितलं गेलं याचा नकाशा होता. मुंबईवर थोडा रंग, पुण्यावर थोडा, नाशिकवर पुसट. आणि मराठवाडा कोरा.

“हे बघ,” तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, समजावून सांगत होता. “नवीन गायिकेला आधी तिच्या गावाकडचे लोक उचलतात. तुझ्या स्वतःच्या जिल्ह्यातच तुला कोणी ऐकत नाही.”

मी म्हटलं, “सर, तिकडे सगळ्यांकडे आहे गाणं. लग्नात वाजतंय. ट्रॅक्टरवर वाजतंय.”

“कशावर वाजतंय?”

“कार्डावर.”

त्याला आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं. दुकान, पाटी, काटा, अण्णांचा ब्लूटूथ. सांगताना मला वाटत होतं की हे ऐकून तो खूश होईल. एवढ्या लोकांना एखादं गाणं आवडतं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. त्याने लॅपटॉप मिटला. म्हणाला, “याला पायरसी म्हणतात. तुझ्या वडिलांनीच तुझं गाणं चोरून वाटलं. आणि जे वाटलं गेलं, ते आमच्या हिशेबात नाही.”

जे शब्द मी डबा घेऊन जाताना ऐकले होते, तेच दुसऱ्या भाषेत तिथे मला ऐकवले गेले. मी त्याच्याशी भांडले, आवाज चढवला, अखेर हात जोडले. काट्यापुढे शेतकरी करायचे ते सगळं केलं. त्यालाही वाटेत काय झालं ते माहीत नव्हतं.

घरी आले. अण्णा दारातच होते. “काय म्हणले? कधी हाय दुसरं गाणं?”

मी सांगितलं की कंपनीच बंद पडतेय, कुणाचीच गाणी काढत नाहीयेत.

अण्णांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. “आपल्याकडनं तर काही कमी न्हाई पडलं ना, बाई?”

“नाही, अण्णा,” मी म्हणाले.

पुढची वर्षं कराराने बांधलेली गेली. दुसरीकडे गाता येत नव्हतं आणि कंपनी गाऊ देत नव्हती. टीव्हीवर दर वर्षी नव्या मुली येत होत्या, त्यांच्याही बापांना कुठे कुठे उभं करत होते. त्यांतल्या एका जिंकलेल्या मुलीला ते दुसरं गाणं मिळालं. माहेरच्या दाराशी उभ्या मुलीचं. गोड आवाज होता तिचा, सुरात होती आणि तिला त्यातलं काडीचंही कळलेलं नव्हतं. गाणं भरपूर चाललं. मी ते एकदाच ऐकलं, एका रसवंतीत, आणि रस तसाच टाकून उठले. जळते का मी? हो, जळते. यात लपवण्यासारखं काय आहे?

करार संपेपर्यंत मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणजे जिथे ओळखून उपयोग असतो तिथे. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाऊ लागले. अण्णा निवृत्त झाल्यावर आम्ही अंबडला राहायला आलो आणि मी मुलींना गाणं शिकवायला लागले. मधे एकदा माझंच गाणं मी माझ्याच आवाजात पेटीवर म्हणून नेटवर टाकलं, तर ते काढून टाकण्यात आलं. हक्क कंपनीचे होते. जिल्ह्यात कुणीही ते वाटत होतं, वाजवत होतं, त्यावर रिक्षाचे हॉर्न बनवत होतं. फक्त मला मनाई होती.

हे सगळं मी गिळून बसले होते आणि बसलेही असते. पण शेठने तीर्थपुरीत नवीन मोठं दुकान काढलं, काचेचं, एसीचं, आणि उद्घाटनाला आम्हा दोघांना बोलावलं. मी फीत कापली. मग शेठ माइकवर उभा राहिला.

“आज लोक व्हायरल व्हायरल करून राह्यले,” तो म्हणाला. “आम्ही त्या टायमाला बिगर नेटचं व्हायरल केल्तं! ताईंचं गाणं घराघरात कोण पोचवलं? मी दुकानात अन् अण्णा काट्यावर. एका माणसाकडून पैसा न्हाई घेतला. बिलकुल न्हाई. अन् म्हणूनच आज ताई एवढ्या मोठ्या हायेत.”

टाळ्या पडल्या. शेठने अण्णांच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला. अण्णा मान खाली घालून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. आई गेल्यानंतर त्यांना इतकं खूश मी पाहिलंच नव्हतं. लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आभार मानले. या वेळी माइक चालू होता.

परत येताना अण्णा स्कूटी चालवत होते, मी मागे बसले होते, मांडीवर त्यांची शाल आणि नारळ. ऊन उतरत होतं. अण्णा एकटेच बोलत होते. शेठ कसा विसरला नाही, लोक कसे विसरले नाहीत, कार्डाचे दिवस कसे होते. “लई पोचवलं आपण गाणं,” ते म्हणाले, “लई लांबलांब गेल्तं.”

आणि मी बोलले. त्यांच्या पाठीकडे बघत सगळं सांगितलं. नकाशा, कोरा मराठवाडा, दुसरं गाणं, ते कुणी गायलं. तुम्ही वाटलंत म्हणून ते बुडालं, असं सरळ म्हणाले. आवाज चढलेला होता माझा. पुढून ट्रक जात होते, तरी त्यांना प्रत्येक शब्द ऐकू गेला.

स्कूटी हळू झाली. अण्णांनी ती कडेला घेतली, बंद केली, पण उतरले नाहीत. मागे वळलेही नाहीत.

“ते जे मोजतेत, ते फक्त नेटवरचंच?”

“फक्त नेटवरचं.”

“अन् कार्डातलं?”

“ते कुठंच मोजत नाहीत.”

ते म्हणाले, “म्हंजे काट्यावर चढलंच न्हाई.”

“नाही.”

“अन् काट्याच्या आधीच मी उतरवून घेतलं. मी.”

मी त्यांना समजावलं नाही, तुम्हाला काय माहीत असणार असंही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला त्या वेळी हलकं वाटलं. इतकी वर्षं जे एकटीने ओढलं, त्याला दुसरा हात लागला. मला याबद्दल कुणी दगडाच्या काळजाची म्हणालं तर म्हणू दे. मला पश्चात्ताप झालेला नाही. शेठला मात्र मी आजपर्यंत काही सांगितलेलं नाही. त्याचा राग करायला तो माझा बाप नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा त्यांचा फोन घेऊन आले. आता त्यांच्याकडेही मोठा फोन होता, नेट होतं. म्हणाले, “त्यांच्या काट्यावर कसं चढवतेत ते दाखव.” मी कंपनीचं चॅनल काढून दिलं. माझा तो जुना फोटो, खाली तो दरिद्री आकडा. अण्णांनी चष्मा पुसून आकडा वाचला. मी म्हटलं, आता बघून काही उपयोग नाही, कंपनीने कधीच हात झटकलेत. आणि मला ते ऐकवू नका, माझ्या कानाला ते नको.

त्यांनी आवाज बंद केला. तेव्हापासून रोज अंघोळ, देवपूजा झाली की फोन चार्जरला लावून खिडकीत ठेवायचे आणि समोर खुर्ची घेऊन बसायचे. गाणं संपलं की पुन्हा लावायचे. हंगामातली पाळी असावी तसं. चहा तिथेच, पेपर तिथेच. पडद्यावर मी नाचत असायची, ओठ हलत असायचे, घरात शांतता. कुणी शेजारी आलं तर त्यांच्याही फोनवर लावून द्यायचे, ब्लूटूथने नाही, नेटवर, आणि म्हणायचे, “कार्डात घेऊ नका. इथंच बघा.” मी सुरुवातीला चिडले. फोन काढून घेतला, नेटचा पॅक संपवता म्हणून बोलले. ते ऐकून घ्यायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा बसायचे. कधी मी जवळून गेले तर हळूच म्हणायचे, “चढून राह्यलाय आकडा.” चढत असेलही. मी कधी बघितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी सकाळी मुलींना शिकवत होते. सगळ्या मिळून आरोह म्हणत होत्या. अण्णा दाराशी येऊन उभे राहिले. शिकवणी चालू असताना ते कधी येत नाहीत. फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. मुलींना थांबवून मी बाहेर गेले.

पडदा काळा होता आणि त्यावर लिहिलेलं होतं की हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही. मी शोधून बघितलं. कंपनीचं चॅनलच नव्हतं. जे मी एकदा खोटं सांगितलं होतं, तेच झालं होतं. कंपनी बंद पडली होती आणि जाताना सगळ्यांची गाणी घेऊन गेली होती. त्या जिंकलेल्या मुलीचंही गेलं होतं, दुसरं गाणंही. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मला आनंद होईल. तसं काही झालं नाही.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते.

“रोज रोज लावलं,” ते म्हणाले, “लई येळा लावलं मी. त्यानं बंद पडलं का? पुन्ना माझ्याच हातानं झालं का, बाई?”

“नाही, अण्णा,” मी म्हणाले.

हेच उत्तर मी त्यांना पूर्वी एकदा दिलं होतं. तेव्हा ते खोटं होतं आणि त्यांनी खरं मानलं होतं. या वेळी ते खरं होतं, आणि त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही.